बंद दारांवरची पिवळी पत्रकं

घरी जाऊन सोफे आणि गाद्या धुऊन द्यायचा धंदा मी आणि माझ्या धाकट्या जावेनं सुरू केला, तेव्हा मशीन होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. पेपरात घालून पत्रकं वाटली, तरी एक फोन आला नाही. जाऊ गडहिंग्लजकडची, मला अक्का म्हणते. ती म्हणाली, "अक्का, पेपर झटकला की पत्रक केरात जातंय. आपणच दारोदार जाऊया की."

मग दुपारचं आवरलं की आम्ही रंकाळा तलावापलीकडच्या अपार्टमेंट गाठायला लागलो. पिवळ्या कागदावर धंद्याचं नाव आणि माझा मोबाईल नंबर. दार उघडलं तर पत्रक हातात द्यायचं, दोन शब्द बोलायचे. बंद असलं तर जाळीच्या दाराच्या कडीत घडी घालून अडकवायचं. हळूहळू फोन यायला लागले. पावसाळ्यात वास धरलेल्या गाद्या, पोरांनी दूध सांडलेले सोफे. आम्ही खुशीत होतो.

एका सकाळी एका घरी सोफ्याला साबण लावत होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. नवीन गिऱ्हाईक समजून मी हात पुसत उचलला.

"ती पिवळी पत्रकं तुमचीच काय?"

"व्हय, बोला की."

"चौकीतनं बोलतोय. एका फ्लॅटात चोरी झालीया. जरा या हिकडं."

काम अर्धवट टाकून आम्ही निघालो. रिक्षात जाऊ सारखी म्हणत होती, "आपण काय केलंय? घाबरायचं कशाला?" पण बोलताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

चौकीत टेबलावर आमचं पत्रक होतं. घडी तशीच. समोर हवालदार, बाजूला त्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी आणि एक म्हातारे गृहस्थ. चोरी या गृहस्थांच्या घरात झाली होती. नवरा-बायको मुलाकडं पुण्याला गेले होते, परत आले तर कुलूप तुटलेलं, कपाट उघडं. सेक्रेटरींनी मोबाईलवर कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. मी आणि जाऊ जिना चढतोय, त्या दारासमोर थांबतोय, बेल वाजवतोय, कडीत कागद अडकवतोय. आपलंच चित्र, पण बघताना मलाच आम्ही दोघी चोरट्या वाटलो.

"चोर असंच करत्यात," सेक्रेटरी म्हणाले. "कागद लावून जायचं. चार दिवसांनी बघायचं, तसाच हाय का. तसाच असला तर घर बंद."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

जाऊ मात्र तडकली. "साहेब, चोरी करायची असती तर आमचा नंबर छापून लावला असता व्हय?"

हवालदार म्हणाले, "तुमी केली म्हणत न्हाय मी. पण तुमचा कागद बघून दुसऱ्या कुणी केली आसंल की."

म्हातारे गृहस्थ माझ्याकडं बघून म्हणाले, "आमच्या हिच्या आईच्या पाटल्या होत्या. बाकीचं जाऊ दे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आमचे पत्ते लिहून घेऊन आम्हाला सोडलं. बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला. ते कागलच्या एमआयडीसीत कामावर होते. मशीनच्या आवाजातच ओरडले, "बंद करा त्यो धंदा." जाऊ रस्त्याच्या कडेला उभी होती. तिच्याकडं बघताना माझ्या डोक्यात आलं, अजून कितीतरी बंद दारांवर आमची पत्रकं असतील.

"चल," मी म्हणाले. "काढून आणूया."

"आता? परत कॅमेऱ्यात दिसणार आपण."

"दिसूदे."

एकेक जिना चढत आम्ही कडीतली पत्रकं काढत सुटलो. तिसऱ्या अपार्टमेंटमध्ये मी एका बंद दारातून कागद ओढत होते आणि माझ्या पाठीमागच्या फ्लॅटचं दार उघडलं. एका माणसानं मोठ्यानं विचारलं, "काय करतायसा हितं?" त्याच्या आवाजानं वरच्या मजल्यावरून दोघं-तिघं खाली आले. एकानं जिन्याची वाट अडवली, दुसऱ्यानं मोबाईल काढून आमचं चित्रण सुरू केलं. खोटं काही तरी सांगून सुटावं असं एक क्षण वाटलं. पण मी सगळं सांगितलं. चोरी, चौकी, बंद घराची खूण. "म्हणून काढाय आलोय. खोटं वाटत असंल तर चौकीत फोन लावा."

पहिल्या माणसानं खरंच लावला. मग फोन खाली घेऊन तो म्हणाला, "खरं सांगत्यात." वाट मोकळी झाली. कुणी माफी मागितली नाही, आम्हीही अपेक्षा केली नाही. एक बाई तेवढी आमच्याबरोबर वर आली आणि कोणकोणती घरं बंद आहेत ते दाखवत राहिली.

धंदा बंद झाला नाही. पत्रक मात्र तेव्हापासून फक्त हातात देतो. दार बंद असलं तर पुढं जातो. त्यानं फोन कमी झाले, पुष्कळ कमी. आमचे हे अजून कुरकुरतात.

पुढं चोर जयसिंगपूरला सापडला. हवालदारांनीच फोन करून कळवलं. पाटल्या मिळाल्या का, विचारलं तर म्हणाले, वितळवल्या. मग मी घाबरत विचारलं, "साहेब, आमचा कागद बघून शिरला हुता काय त्यो?"

"ते चोराला कोण विचारतंय, बाई."

फोन ठेवला. एका गिऱ्हाईकाचं काम संपवून जाऊ समोर मशीनची नळी गुंडाळत होती. मी तिला सांगितलं. नळी मशीनवर ठेवून ती म्हणाली, "म्हंजे आपल्याला कधीच कळणार न्हाय, अक्का."

तिनं मशीनचं एक टोक उचललं, मी दुसरं धरलं, आणि आम्ही जिना उतरायला लागलो.