बकुळीचं पाणी बंद

"कीड लागल्या साहेब. फवारा मारूया काय?" संदीपनं विचारलं.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत आम्ही बकुळीच्या रोपापुढं उकिडवे बसलो होतो. पानं पिवळी पडून गळत होती. संदीप बँकेत नोकरीला. रविवारी त्याचा ग्रुप शहरात झाडं लावतो. मी बागखात्यातला रिटायर सुपरवायझर. त्यांचं झाड आजारी पडलं की मला फोन येतो.

बोटानं माती उकरली. आत चिखल आणि कुजका वास.

"कीड न्हाय, पाणी जास्त झालंय. मुळांनाबी हवा लागती, पाणी साचलं की ती कुजत्यात. कोण घालतंय?"

"समोर वरच्या मजल्यावरचे इनामदार काका. लई जपत्यात."

काका आलेच, हातात भरलेली झारी. रिटायर मास्तर. काकू वारल्या, मुलगी परदेशात.

"किती वेळा घालता पाणी?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ. ऊन वाटलं तर मधे आणखी एकदा."

"मारताय की झाड. मुळांना हवाच मिळंना." मी तोडूनच बोलतो, नोकरीतली सवय. "आता महिनाभर थेंब घालायचा न्हाय. न्हाईतर गेली बकूळ."

काका झारीकडं बघत राहिले.

"मग मी खाली कशाला उतरू?"

मला कळेना. मग काकाच सांगायला लागले, "नुसतं फाटकात उभं राहिलं तर कोणी थांबत नाही हो. हातात झारी दिसली की फिरायला जाणारे थांबतात. झाड कसं आहे विचारतात. दिवसभरात तेवढंच बोलणं."

संदीप मोबाईल बघायला लागला. मला फार वाईट वाटलं. बायको गेल्यापासून माझाही फोन वाजतो तो संदीपचाच, आणि मी पहिल्या रिंगला उचलतो.

कुदळ घेतली. पाणी साठायचं आळं फोडलं, बाजूनं चर काढला, वाळू मिसळली. मग काकांच्या झारीतलं पाणी गटारात ओतलं.

"रोज उतरायचं. पण झारी रिकामी."

"लोक हसतील."

"झारीत कोण डोकावतंय, काका?"

महिन्यानं मुद्दाम त्या गल्लीतनं गेलो. बकुळीला कोवळी पालवी होती. काका रिकामी झारी तिरकी धरून एका बाईंना मुळांना हवा कशी लागते ते समजावत होते. त्या निघून गेल्यावरही ते तसेच उभे होते. मी गाडी थांबवली आणि झाड कसं आहे म्हणून विचारलं.

हल्ली झाड पिवळं पडलं की मी माती नंतर उकरतो. पाणी घालणाऱ्याच्या घरात कोण कोण हाय, ते आधी विचारतो.