मोठीआई आणि शिमल्याची थंडी

शिमल्याला कधी जावं आणि जाताना काय न्यावं, हे आमच्याकडं विचारायचं ते मोठीआईला. औंढ्यापलीकडच्या वाडीवर मेंढरं राखणारी बाई. तिनं परभणीच्या पुढचं जग पाहिलं नव्हतं. पण उत्तरेकडच्या यात्रेला निघालेली माणसं आधी तिच्या ओट्यावर गाठोडं सोडून बसायची. ती एकेक कपडा चाचपायची आणि निम्मे बाजूला काढायची. खोबरेलाची बाटली तर दिसताक्षणी बाहेर. “त्याचा दगड होतंय तिथं. करडीचं तेल न्या, आन् पायमोजं दोन जोड. पाय गारठला की माणूस देवालाबी इसरतंय.”

मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. चुलते लवकर गेले. एकुलता एक मारुती दहावीला नापास झाला, ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि शिमल्यात एका हॉटेलात कामाला लागून तिथलाच झाला. बायकोही तिकडचीच केली. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. औंढ्याच्या स्टँडसमोर तेव्हा माझा एसटीडी बूथ होता. दर बाजाराच्या दिवशी मोठीआई यायची, काचेच्या खोक्यात शिरायची आणि पोराला आधी एवढंच विचारायची, गार किती हाय? जेवलास का, सून कशी हाय, हे सगळं त्याच्या मागून. बाहेर रांग कुरकुरायची आणि मी कपाळाला हात लावून बसायचो.

त्या फोनांतून तिचं पंचांग तयार झालं होतं. चैत्र-वैशाखात जावं, दिवसा सदरा पुरतो, पण दिवस कलला की स्वेटर लागतोच. श्रावण-भादव्यात चुकूनही जाऊ नये. दरडी कोसळतात, धुकं घरात शिरतं, धुतलेलं वाळत नाही. दसरा-दिवाळीला आभाळ नितळ असतं, तेव्हा कानटोपी न्यावी आणि ओठांना लावायला थोडं तूप. पौष-माघात मात्र बर्फ. तेव्हा मुकाट्यानं आपल्या घरी शेकोटीजवळ बसावं.

एवढं सगळ्या गावाला सांगणाऱ्या या बाईनं स्वतःच्या पोराला मात्र कधी एक मफलरही पाठवला नाही. एकदा शेजारचे तिकडं निघाले होते. मारुतीसाठी एखादं घोंगडं द्या, आम्ही पोचवतो, असं ते आपणहून म्हणाले. मोठीआई म्हणाली, “काई न्हाई द्यायचं. गार लागू द्या त्याला. थंडी वाजली की मेंढरू आपसूक घराकडं वळतंय, हे तुमाला म्या सांगावं का?” लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण ती गंमत करत नव्हती.

त्या भरवशावर तिनं कळप राखला होता. गडी टिकत नव्हते, गुडघे बोलत होते, तरी हातात काठी घेऊन ती मेंढरांमागं फिरायची. विकून टाक गं बाई, आता किती मरशील त्यांच्यामागं, असं मी सांगून सांगून थकलो. मेंढरांचा धनी येऊन राहिलाय, म्हणायची, म्हणजे मारुती. किती हिवाळे आले नि गेले, धनी काही आला नाही.

पुढं मोबाइल आले, माझा बूथ बसला. मोठीआईलाही चालवेना. एका पौषात तिनं ठरवलं, शिमल्याला जायचं आणि पोराला तोंडावर विचारायचं, मेंढरं सांभाळायला येतोस की मी विकू? पौषात जाऊ नये हे तूच सांगतेस ना, असं मी म्हणालो. “थंडीतच जायचं,” ती म्हणाली. “तवाच खरं बोलंल.”

नांदेडहून रेल्वे, पुढं बस. माझं अंग मोडून आलं. मोठीआईनं लुगड्यावर दोन स्वेटर, कानटोपी आणि वर घोंगडं असं घातलं होतं. तिचं फक्त नाक दिसत होतं. शिमल्याच्या स्टँडवर बर्फ भुरभुरत होता. मारुती न्यायला आला तो उघड्या डोक्यानं, पातळसा स्वेटर, गळ्याशी बटण मोकळं. आईच्या पाया पडला. तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. ती कुडकुडत होती. त्याचा हात ऊन होता.

आम्ही चांगले आठवडाभर राहिलो. सुनेनं खाऊपिऊ घातलं, नातवंडं अंगणात बर्फ उडवत खेळली, मारुती जेवताना थंड पाणी मागून घ्यायचा. मोठीआई शेगडीजवळ बसून नुसती त्याच्याकडं बघत राहायची. विचार की आता, म्हणून मी डिवचायचो. ती मान हलवायची. विचारलं नाही ते नाहीच.

परतीच्या गाडीत दिल्ली मागं पडल्यावर ती म्हणाली, “त्याला गार लागतच न्हाई रे आता.” मग तोंडाला पदर लावून रडली. पाडव्याच्या आत तिनं मेंढरं विकली.

नंतर कुणी गाठोडं घेऊन आलं तर, ज्याचं त्याला समजतंय, एवढंच म्हणायची. काही वर्षांनी भर वैशाखात ती गेली. मारुती दहाव्याला पोचला. कूलरसमोर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचा, दोन घाससुद्धा जात नव्हते. आईसाठी रडला, मनापासून रडला. त्यात खोट नव्हती. निघताना बॅग खांद्याला लावून मला म्हणाला, “दादा, तुमच्याकडं ऊन फार आहे. कसं राहता तुम्ही लोक?”

हे ऐकायला मोठीआई नव्हती, तेवढंच एक बरं झालं.