गार, बरं, तापलं

आमची गाडी घरी आली तेव्हा तिच्या डॅशबोर्डवरचा एकच काटा चालत होता, आणि तोही वेग मैलांत दाखवायचा. तोवर रस्त्याकडेच्या दगडांवर किलोमीटर येऊन बरीच वर्षं झाली होती. कर्जतच्या एका डॉक्टरांनी ती काळी गाडी भरपूर वापरून मग विकायला काढली होती. पेट्रोलचा काटा कायम ‘रिकामी’वर झोपलेला असायचा. टाकीत किती पेट्रोल आहे ते आम्ही बांबूची काडी बुडवून बघायचो. मधोमध एक गोल घड्याळ होतं, तेही बंद. इंजिन किती तापलं आहे ते सांगणारं काहीच नव्हतं. वाफ दिसली की कळायचं.

आम्ही खोपोलीत, शिळफाट्याजवळ राहायचो. हे एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि मी खालापूरला शाळेत शिकवायला जायचे. ह्यांना गाडी उघडायला आवडायची, चालवायला नाही. म्हणून गाडी चालवायला मी शिकले. पहिले काही महिने बाजारातून जाताना लोक वळून बघायचे, मग त्यांनाही सवय झाली.

माझे वडील, आबा, पोशीरला भातशेती करायचे. एका सुट्टीत मी त्यांना नेरळच्या बाजाराला घेऊन गेले. परतताना गाडी तापली, पुढून वाफेचा लोट आला आणि आम्ही रस्त्यातच उभे राहिलो. आबा शांतपणे उतरले, सामानाची पिशवी खांद्याला लावली आणि बांधावरून चालत घरी गेले. त्यानंतर त्यांनी गाडीत पाय ठेवला नाही. मी आग्रह केला की म्हणायचे, “ती कधी बिगडायची ते तिला ठाव नाय नि तुमालाबी नाय. मला यस्टी बरी हाय.”

मला राग आला नाही, कारण ते खरंच होतं. मी ह्यांना तसं सांगितलं. हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, “मग सांगू दे की तिला. या रविवारी सगळं बाहेर काढतो.”

रविवारी खरोखरच डॅशबोर्डचा अख्खा तुकडा आमच्या ओटीवर वर्तमानपत्रावर येऊन पडला. काचेच्या आत इतकी धूळ होती की माशीचा पंखही त्यात सापडला. वेगाचा काटा काढणं सगळ्यात नाजूक. ह्यांनी दोन बाजूंनी दोन चहाचे चमचे घातले आणि श्वास रोखून तो हळूच वर उचलला. मग तबकडीला पांढरा रंग दिला. मैलांचे किलोमीटर करून कोणता आकडा कुठे येईल ते त्यांनी कोनमापक लावून पेन्सिलीने आखलं.

“आकडे तू लिही,” हे म्हणाले. “तुझं अक्षर चांगलं आहे.”

शाळेचे तक्ते मीच रंगवायचे, त्यामुळे बारीक ब्रश घरात होता. मी विचारलं, “मराठीत लिहू?”

“मराठीत?”

“आबांना इंग्रजी आकडे येत नाहीत.”

हे हसले. “आधी ते बसू देत गाडीत.” पण नको म्हणाले नाहीत. मी काळ्या रंगात दहा, वीस, तीस असे आकडे काढत गेले. साठचा सहा तिरका आला, तो रॉकेलच्या बोळ्याने पुसून पुन्हा काढला. आतली अंतर मोजणारी चाकं मात्र मैलांचीच राहिली. तिकडे हात घालायचं धाडस ह्यांनाही झालं नाही.

पेट्रोलच्या काट्याचा दोष टाकीत निघाला. टाकीतला पितळी तरंगता गोळा भोक पडून पेट्रोलने भरला होता, त्यामुळे तो तळाशीच बसायचा. ह्यांनी तो रिकामा करून कित्येक दिवस उन्हात वाळवला आणि कर्जतच्या स्टोव्हवाल्याकडून भोकाला कथलाचा डाग देऊन आणला. त्या तबकडीवर मी ‘रिकामी’, ‘अर्धी’ आणि ‘भरली’ असं लिहिलं.

बंद घड्याळाच्या जागी काय बसवायचं ते ह्यांच्या मनात आधीच होतं. शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडे एका मोडलेल्या ट्रकचं तापमानाचं मीटर त्यांना सापडलं होतं. मीटरला लांब, बारीक तांब्याची नळी आणि तिच्या टोकाला बोटाएवढी कांडी. कांडी तापली की काटा सरकायचा. त्याची तबकडी इतकी गंजली होती की एकही आकडा वाचता येत नव्हता. तेव्हा पाणी उकळून खुणा करायचं आम्ही ठरवलं.

ज्या सकाळी आम्ही ते करायला बसलो, त्याच सकाळी आबा आमच्याकडे आले. मी चुलीपाशी पातेल्यात कांडी धरून बसले होते आणि हे मीटर हातात घेऊन खिडकीपाशी.

“च्या ठेवलाय का गं?” आबांनी विचारलं.

“नाही आबा, गाडीचा काटा उकडतोय.”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पाट ओढून बसले. पाण्याला उकळी फुटली तसा काटा वर जाऊन थांबला. ह्यांनी तिथे पेन्सिलीची खूण केली. आबांनी पातेल्याकडे पाहिलं, मग मीटरकडे. “म्हंजे पानी उकळलं का ह्यो हितं येतो?”

“हो. त्याच्या आधीच आपण थांबायचं,” हे म्हणाले.

“थंड, सामान्य, गरम असं लिहिते,” मी म्हटलं.

“सामान्य म्हंजे?”

“म्हणजे ठीक.”

“मग बरं लिव की.”

मी त्यांच्यासमोरच लिहिलं, गार, बरं, तापलं. चहा झाल्यावर ते का आले होते ते बोलले. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, लोणावळ्याला राहायची. अंगणात पडून तिचा पाय मोडला होता आणि मांडीपर्यंत प्लास्टर होतं. घरात करणारं कोणी नव्हतं. तिला पोशीरला आणायचं होतं, पण तसा पाय घेऊन ती आगगाडीच्या डब्यात किंवा यस्टीत चढणार कशी? आबांनी टोपी घातली आणि म्हणाले, “तुजी गाडी घाट चढंल का?”

“चढेल. तुम्ही काट्याकडे बघत बसायचं.”

पुढच्या रविवारपर्यंत ह्यांनी सगळं जागेवर बसवलं. आबा पुढे माझ्या शेजारी बसले, हे मागे. खोपोली सोडून घाट लागला तसे आबा काट्याकडे बघू लागले. त्यांची नजर बाहेर दरीकडे गेलीच नाही. एका लांब चढावर ते म्हणाले, “बरंच्या पुडं गेला गं.” थोड्या वेळाने, “तापलंच्या जवळ आला. थांबव.”

मी गाडी कडेला घेतली. वाफ नव्हती, आवाज नव्हता. बॉनेट उघडून आम्ही दगडावर बसलो आणि आईने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या. आबा मधूनमधून उठून खिडकीतून आत डोकावायचे. काटा निम्मा उतरल्यावर ते स्वतःच दार उघडून आत बसले. “चल,” म्हणाले. वर पोचेपर्यंत आणखी एकदा थांबावं लागलं, आणि तेही त्यांनीच सांगितलं.

आत्याला शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून आणलं. मागच्या सीटवर उशा लावून तिचा पाय आडवा ठेवला. ह्यांना जागाच उरली नाही, ते रेल्वेने निघाले. उतारावर मी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. आत्या घाबरून डोळे मिटून होती. तिला धीर यावा म्हणून आबा मोठ्याने वाचत राहिले, “ईस... पंचईस... पुन्ना ईस. पेट्रोल अर्दी हाय. काय बी भ्या नाय.”

“वाचतोस कुठनं रं?” आत्याने डोळे न उघडता विचारलं.

“हितं लिवलंय. पोरीनं लिवलंय.”

पोशीरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. भावांनी आत्याला पडवीत नेऊन बाजेवर बसवलं आणि आईने तिच्या हातात गरम पेजेचं भांडं दिलं. आत्याने पेज संपवली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. आबा विहिरीवर पाय धुऊन आले. मी पायरीवर टेकले होते, खांदे दुखत होते आणि मला फार बरं वाटत होतं. आबा माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, “पुडच्या ऐतवारी कर्जतपल्याड कोंडान्याला जाऊ या का? तितं माजा एक जुना सोबती हाय.”