पुसलेल्या मंत्राचा वांधा

जगातले तमाम जादूगार कुणा एका माणसाला टरकून असतील, तर ते म्हणजे माझे मामेसासरे, बायकोचे मामा. मामांचा जन्म चांदवडला कांद्याच्या व्यापारात गेला. लिलावात ट्रॉलीवरचा माल बघून बोली लावायची आणि खळ्यावर ओतल्यावर खाली सड निघाली, तर ‘वांधा’ काढून भाव पुन्हा ठरवायचा, ही तिकडची रीत. मुलाकडे गंगापूर रोडला राहायला आल्यावर त्यांचा कांदा सुटला, वांधा काही सुटला नाही. तो ते जादूच्या सिनेमांवर काढू लागले. जादूला त्यांची हरकत कधीच नव्हती. मांजर बोलो, पुस्तकातून राक्षस निघो, मामा खुशाल मान डोलावणार. पण सिनेमाने स्वतःच सांगितलेला नियम मोडला की संपलं. एका चेटकिणीला झाडूशिवाय उडता येत नाही असं ठरलेलं असताना शेवटी ती तशीच उडाली, तर मामा भर थिएटरात उभे राहून ओरडले, “वांधा! झाडू घरी राहिला ना तिचा!” मामींनी पदरात तोंड लपवलं आणि मी समोसे आणायच्या निमित्ताने बाहेर सटकलो.

त्यांचा सगळ्यात लाडका वांधा एका जादूच्या पोथीचा. त्या पोथीतला मंत्र एकदा वाचला की पानावरून कायमचा पुसला जायचा. तरी शेवटी नायिका तोच मंत्र पुन्हा वाचते आणि बापाला जिवंत करते. “पुसला म्हंजे पुसला. मग परत आला कुठून, जावईबापू?” हा सवाल मामांनी मला लग्नांत, बारशांत, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला गोदाकाठी केला आहे.

यंदा उन्हाळ्यात मामांना झटका आला. हातपाय वाचले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील किंवा येणारही नाहीत. मामा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहायचे आणि घरात कुणी मोठ्याने बोलेना. एका दुपारी न राहवून मी तोच पोथीचा सिनेमा लावला. नायिकेने पोथी उघडली, पुसलेला मंत्र वाचला. मामा गप्प. मामींनी डोळ्यांना पदर लावला. आपण उगाच हा उद्योग केला असं मला वाटायला लागलं. पडद्यावर बापाने डोळे उघडले आणि खुर्चीतून आवाज आला, “वां... वांधा.” मग जरा जोरात, “पुसला... व्हता!”

इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मामी तर हसता हसता रडायलाच लागल्या. “काढा हो, पायजे तेवढे वांधे काढा! पण पुसलेलं परत येतं बरं. तुमचं नाय आलं?”

मामांनी पडद्याकडे हात केला. “ते... ठीक हाय. पण कारण... दाखवायला पायजे व्हतं.”

सगळे शब्द अजून आलेले नाहीत. चहा हवा असला की ते नुसतं कपाकडे बोट दाखवतात. एक वांधा पुरा होईपर्यंत पडद्यावरचे राक्षस मरूनही जातात. म्हणून आता मामांनी हात वर केला की मी सिनेमा थांबवतो, आणि त्यांचा पुढचा शब्द येईपर्यंत आम्ही सगळे वाट बघत बसतो.