बाबांच्या तीन फेऱ्या

बाबांच्या पायाला सूज आली म्हणून आज बंड्याला फिरवायला मी निघालो. गल्लीच्या टोकाला, शांताबाईंच्या इस्त्रीच्या टपरीपाशी पोचलो, तर हा कुत्रा तिथल्या कट्ट्याला टेकून बसला. साखळी ओढली तरी हलेना.

"आजोबा नाही आले?" शांताबाईंनी विचारलं. "रोज इथंच बसतात की दोघं, तासभर. पुढं जायला दम लागतो त्यांना. घरी बोलू नका म्हणालेत."

घरी बाबा सांगतात, मैदानाला तीन फेऱ्या झाल्या.

डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं, तेव्हा बंड्याला मीच आणलं. सोसायटीत केवढं कौतुक करून घेतलं! खरं कारण एवढंच, की पहाटे उठून बाबांबरोबर चालायचं माझ्या जिवावर आलं होतं. ते काम मी कुत्र्यावर ढकललं आणि त्यानं ते माझ्यापेक्षा नेकीनं केलं. बाबा थांबले की तो थांबला. म्हाताऱ्या माणसांना आपण काठी आणून देतो, गोळ्या देतो, कुत्राही देतो; सोबत तेवढी राहून जाते. आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ती माणसंच न चाललेल्या फेऱ्या सांगत बसतात.

"दिवाळीपासून चाललंय का हे?" मी विचारलं.

"दिवाळी कसली! गणपतीच्याही आधीपासून."

मीही कट्ट्यावर टेकलो. तीन फेऱ्यांच्या वेळेआधीच घरी गेलो असतो, तर मला सगळं कळलंय हे बाबांना कळलं असतं. म्हणून तासभर तिथंच बसून राहिलो.