शेवटचं प्रकरण ऐकायचं राहिलं

त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला डॅनियलचा फोन आला. त्याची आई, रुआन मावशी, झोपेतच गेली होती. मी "ओके, थँक यू" म्हणाले, फोन ठेवला आणि पुढची मीटिंग पूर्ण केली. याला पाच आठवडे झाले. ते "थँक यू" मी कसं म्हणाले, मला अजून कळत नाही.

रुआन मावशी चिनी कादंबरीकार. दक्षिण चीनमधल्या एका नदीकाठच्या गावी, थर्मासच्या कारखान्यात त्यांची तरुणपणाची वर्षं गेली, आणि पहिली कादंबरी त्यांनी त्या कारखान्यावरच लिहिली. तिकडे ती खूप वाचली गेली. तिसऱ्या कादंबरीतली दोन प्रकरणं काढा, असं प्रकाशकानं सांगितलं. त्यांनी काढली नाहीत. पुस्तक तिथे निघालं नाही. मग नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या इथे, अमेरिकेतल्या ट्रॉयला आल्या. तो वारल्यावरही इथेच राहिल्या आणि मोटारींच्या या गावात बसून त्या नदीबद्दल चिनीतच लिहीत राहिल्या. पुस्तकं दूर तैपेईत छापली जायची. आमच्या गल्लीत मात्र त्या मागच्या अंगणात दुधी लावणाऱ्या बाई म्हणूनच माहीत होत्या.

लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत त्यांनी मला गाठलं. "तुला चिनी येतं?"

"नाही."

"थोडंसुद्धा नाही?"

"अजिबात नाही."

"छान. शनिवारी दहाला ये."

मला वाटलं, चहाला बोलावताहेत. चहा होताच, पण तो ओतून झाल्यावर त्यांनी हस्तलिखित पुढ्यात ओढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कादंबरी लिहून झाली की ती भाषा न कळणाऱ्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची, ही त्यांची पद्धत. कळणारा माणूस गोष्टीच्या मागे धावतो, म्हणायच्या. न कळणारा फक्त आवाज ऐकतो, आणि लिहिणारीनं जिथे अंग चोरलंय तिथे तो बरोबर कंटाळतो. मी खिडकीबाहेर पाहिलं की त्या समासात पेन्सिलीनं बारीक खूण करायच्या. ते पान पुन्हा लिहिलं जायचं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. आयुष्यभर चुका शोधल्या, पण नुसतं बसून चुका सापडतात हे तिथे कळलं.

"आज तू दोनदा घड्याळ पाहिलंस. अठरावं पान गेलं."

"मावशी, मला भूक लागली होती."

"मग अर्धं ठेवते."

"अगं, एक अक्षर कळत नाही, तिथे जाऊन करतेस काय?" माझा नवरा चिडवायचा. ऐकते, एवढंच मी सांगायचे. तीन कादंबऱ्या मी अशा ऐकल्या. एकीचीही गोष्ट मला ठाऊक नाही...

चौथीचं फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं. मी मेसेज केला, "मावशी, हा शनिवार कॅन्सल करू या? पुढच्या शनिवारी नक्की." उत्तर आलं, "पुस्तक कुठे पळून जात नाही. तू आधी तुझ्या चुका शोध." रिलीज वेळेवर झालं. पुढचा शनिवार यायच्या आधी तो गुरुवार आला.

गेल्या आठवड्यात डॅनियल ते हस्तलिखित आणि मावशींची पेन्सिल घेऊन घरी आला. "पब्लिशर विचारतोय, हे फायनल आहे का? मला वाटलं, तुलाच माहीत असेल."

"मला? मला वाचताही येत नाही, डॅनियल."

"मलाही धड येत नाही. बोलता येतं... वाचून बघू?"

तो वाचू लागला. न येणारी अक्षरं फोनमध्ये शोधत, थांबत, पुन्हा मागे जात. मी पेन्सिल धरून बसले होते. माझं लक्ष बऱ्याच ठिकाणी उडालं. पण कुठलं अडखळणं त्याचं आणि कुठलं मावशींचं, मला सांगता येईना. त्यांच्या आवाजात ऐकलं असतं तर सांगता आलं असतं. तो शनिवार माझ्या हातात होता, मीच तो पुढे ढकलला.

शेवटी मी त्याला म्हणाले, "हे पूर्ण आहे की नाही, मला माहीत नाही. आहे तसं छापा. फक्त खाली लिहा, की हे प्रकरण कुणाला वाचून दाखवायचं राहिलं."

"तसंच लिहायला सांगतो," तो म्हणाला. जाताना पेन्सिल टेबलावरच ठेवून गेला.

ती माझ्याकडे आहे. शेवटच्या प्रकरणाच्या समासात एकही खूण नाही. शनिवारी सकाळी दहाला मला आता काही काम नसतं.