स्पिरूच्या नावापुढची ओळ

बेटावरच्या झब्बार गावातल्या माजी तोफचींच्या संघात २००३ सालच्या वसंतात तिघे उरले होते. त्यातला एक वृद्धाश्रमात होता आणि स्वतःच्या मुलीलाही ओळखत नव्हता. दुसरा करमनू, त्याला फक्त डाव्या कानाने ऐकू यायचं. तिसरा विस्तीन कुतायार, वय एक्क्याऐंशी, संघाचा चिटणीस. चालत्याफिरत्या दोघांत निशाण धरायला एक, बिगुलाला एक आणि नावं वाचायला एक, असा हिशोब बसेना. म्हणून निशाण चर्चमध्ये कायमचं ठेवून संघ बंद करायचं ठरलं. एप्रिलमधला स्मरणदिन हा शेवटचा.

हे सांगायला विस्तीन दित्ताच्या घरी गेला तेव्हा ती निशाणालाच इस्त्री करत होती. संघाचं निशाण तिच्याकडे असायचं. दरवर्षी ती ते धुवायची, झालर तपासायची आणि समारंभात तोफचींच्या वतीने पुष्पचक्र ठेवायची. हा मान तिला मिळाला होता तो भावामुळे. स्पिरू आतार्द, वय वीस, एप्रिल १९४२ मध्ये गावाबाहेरच्या तोफेवर मारला गेला. स्मारकापाशी अकरा नावं वाचली जायची. दहांच्या पुढे फक्त तारीख असे. स्पिरूच्या पुढे एक ओळ होती: ‘रजा अर्ध्यावर टाकून तो आपणहून तोफेकडे परतला आणि तिथेच धारातीर्थी पडला.’

ही ओळ विस्तीनने लिहिली होती, संघ निघाला त्या वर्षी, स्पिरूच्या आईसाठी. गावच्या शाळेत ती मुलांकडून पाठ करून घेत. दित्ताच्या दोन्ही मुलांनी ती पाठ केली होती. थोरला मेलबर्नला आहे. मामाबद्दल त्याला तेवढीच ओळ माहीत आहे.

विस्तीनने कॉफी घेतली आणि हळूच आणखी एक बातमी दिली. संघाच्या शिल्लक पैशातून स्मारकाला संगमरवराचा नवा फलक बसणार होता. नावं कोरून घ्यायची, आणि स्पिरूच्या नावाखाली ती ओळ. पाथरवट सोमवारी कामाला हात घालणार होता.

“आता ती कुणाच्या वाचण्यावर राहायची नाही,” तो म्हणाला. “आम्ही मेलो तरी दगड बोलेल.”

दित्ताने इस्त्री उभी करून ठेवली, प्लग काढला आणि ती त्याच्यासमोर बसली. ओळ कोरू नका, असं तिने सांगितलं. त्याला वाटलं, तिला लाज वाटते आहे. मोठेपणा नको असणारी बाई. बाकीच्या दहांच्या घरचे नाराज होतील असं वाटत असेल तर मी सगळ्यांना विचारलंय, असं तो सांगू लागला.

“विस्तीन, थांबा जरा,” ती म्हणाली. “तो आपणहून नाही गेला. मी घालवला त्याला.”

आणि एकसष्ट वर्षांत जे तिने आईला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नव्हतं, पाद्र्यापुढे कबुलीजबाबातही अर्धंच सांगितलं होतं, ते तिने सगळं सांगितलं.

त्या एप्रिलमध्ये हवाई हल्ल्याचा भोंगा वाजायचा थांबतच नव्हता. निम्मं गाव खडकात खोदलेल्या भुयारात राहायला गेलं होतं. दित्ता सोळा वर्षांची होती. सकाळी तिने शेजारच्या चार वर्षांच्या जिजाला ढिगाऱ्यातून बाहेर काढायला हात लावला होता. पोर अखंड होती, फक्त तिच्या तोंडात आणि नाकात चुन्याची पूड गच्च भरली होती. दुपारी स्पिरू रजेवर आला, चोवीस तासांच्या. भुयारात आईशेजारच्या फळीवर बसून त्याने पाव खायला घेतला.

वर विमानं येतच होती, आणि गावाबाहेरच्या तोफा गप्प. तीन दिवस असंच चाललं होतं. सकाळी थोडा वेळ गडगडाट व्हायचा, मग विमानं मोकळी हिंडायची. भुयारातल्या बायका कुजबुजत होत्या. तोफवाल्यांनी उपास धरलाय, एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, नाही गं, त्यांना दुपारची झोप लागते. स्पिरू मान खाली घालून चावत राहिला.

“सगळ्यांच्या देखत बोलले मी,” दित्ता म्हणाली. “म्हटलं, तोफा बिघडल्या की तुमची छाती बिघडली? जिजाच्या आईसमोर बसून पाव कसा गिळवतो तुला? एवढीच भीती वाटते तर आईचा झगा घाल आणि इथेच बस.”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. माझ्याकडे बघत राहिला. उरलेला पाव खिशात घातला, लोखंडी टोपी घेतली, आईला म्हणाला, साहेबांनी लवकर बोलावलंय. दोन वाजले असतील. संध्याकाळी तुम्हीच आलात सांगायला.”

तोफेमागे दिवसाला पंधराच गोळे मिळत होते हे तिला कळलं ते युद्ध संपल्यावर काही वर्षांनी, नवऱ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवलं तेव्हा. जहाजं पोहोचत नव्हती, दारूगोळा संपत आला होता, आणि हे कुणालाही, घरीसुद्धा, सांगायचं नाही असा हुकूम होता. वर्तमानपत्र ऐकून झाल्यावर ती उठून अंगणात गेली होती आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा डोळ्यात साबण गेल्याचं सांगितलं होतं. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि पहिलं मूल पोटात होतं.

“एक शब्द,” ती म्हणाली. “पंधरा. एवढंच म्हणाला असता तर मी त्याचे पाय धरले असते. त्याने शपथ पाळली आणि मी त्याला बायकांत बसवलं.”

घरी बोलणी विस्तीननेही खाल्ली होती. त्याच्या मावशीने त्याच्यासमोर दार लावलं होतं. त्या महिन्यात रजेवर गेलेला एकही तोफची बोलणी न खाता परत आला नव्हता. म्हणून शेवटी कोणी रजाच मागत नव्हतं. हे तो तिला सांगू शकला असता आणि तिचं ओझं थोडं हलकं झालं असतं. पण त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी जुळत होतं, आणि ते सांगावं की नाही हे ठरवण्याआधीच तो बोलू लागला होता.

स्पिरू पोहोचला तेव्हा त्या दिवसाचे पंधराही गोळे उडवून झाले होते. करण्यासारखं काही नव्हतं. सगळे चरात उतरले होते. सार्जंट स्पिरूवर ओरडला की तू रजेवर आहेस, इथे कशाला तडफडलास, खाली ये. स्पिरू खाली आला नाही. तो तोफेच्या भोवतीच्या वाळूच्या पोत्यांवर चढला आणि उघड्यावर ताठ उभा राहिला.

“आम्हाला वाटलं, डोकं फिरलंय,” विस्तीन म्हणाला. “मी त्याचा पाय ओढला. त्याने लाथ मारली मला. आणि दित्ता, विमानं बंदराकडून येत होती आणि तो उलटा उभा होता. गावाकडे तोंड करून. मला आजपर्यंत कळलं नाही, का.”

चर्चशेजारीच भुयाराचं तोंड होतं. तिथे उभं राहिलं की शेतांपलीकडे तोफ दिसायची. तोफेवरूनही ते तोंड दिसायचं.

दित्ताला समजलं. विस्तीनला ते बोलता बोलताच समजलं होतं, आणि तोंडातून निघालेले शब्द माघारी घेता आले असते तर त्याने घेतले असते.

रस्त्यावरून केरोसीनवाल्याची गाडी गेली. दित्ताने टेबलावरचे पावाचे कण तळहाताने एका जागी गोळा केले.

“मी बाहेर आलेच नव्हते,” ती म्हणाली. “तो उभा राहिला आणि मी आत बसले होते. बघायला तिथे कोणीच नव्हतं.”

“तू पोर होतीस.”

“जिजाही पोर होती. तो तरी कुठे मोठा होता? ते राहू द्या. ओळ काढा, विस्तीन. दगडावर नको आणि वाचायचीही नाही. बाकीच्यांसारखं नाव आणि तारीख.”

विस्तीनने एकदाच विरोध केला. ओळीत खोटं काही नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. तो परतला होता आणि तोफेवरच मेला होता. दित्ता म्हणाली, ‘आपणहून’ एवढं सोडलं तर सगळं खरं आहे. दुसऱ्या दिवशी तो पाथरवटाकडे गेला आणि त्याच्यासमोर कागदावरची ओळ पेनने खोडली. करमनूच्या डाव्या कानात त्याने एवढंच सांगितलं की घरच्यांची तशी इच्छा आहे.

स्मरणदिनाला ऊन होतं. नवा फलक पांढरा दिसत होता आणि त्यावर अकरा नावं सारख्या मापात कोरलेली होती. बँडवाले आले, शाळेची मुलं आली, दुन ज्वाकीन आले. दुन म्हणजे फादर; हे गावचे तरुण पाद्री, चौतिशीचे, याच गावच्या शाळेत शिकलेले, म्हाताऱ्यांना जीव लावणारे. विस्तीनने चष्मा लावून नावं वाचायला सुरुवात केली. दित्ता पुष्पचक्र धरून तीन पावलांवर उभी होती. सातवं नाव स्पिरूचं. विस्तीनने ते वाचलं, तारीख वाचली आणि तो थांबला. श्वास घ्यायलाच तो थांबला होता, पण कागद त्याने डोळ्यांजवळ नेला.

लोक वाट पाहत राहिले. मुलांच्या रांगेत चुळबुळ झाली. दुन ज्वाकीनना वाटलं, म्हाताऱ्याची जागा चुकली. ते प्रेमाने पुढे झाले, विस्तीनच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि माइककडे वाकून, कागदाकडे न बघता, स्वच्छ आवाजात ओळ पूर्ण म्हटली. ‘आपणहून’ या शब्दापासून मुलांचाही सूर त्यात मिसळला, पाढा म्हणावा तसा.

विस्तीनने दित्ताकडे पाहिलं. ती समोर बघत होती. त्याने आठवं नाव वाचलं.

पुष्पचक्र ठेवून ती मागे आली तेव्हा शेजारची फिलुमेना डोळे पुसत होती. तिने दित्ताचा हात हातात घेतला.

“विस्तीन थकला गं आता,” ती म्हणाली. “नेमका तुझ्या स्पिरूपाशीच विसरला. बरं तर बरं, दुननी सांभाळून घेतलं.”

“हो,” दित्ता म्हणाली. “सांभाळून घेतलं.”